सतरा नंबरचं दार

मला लिहायला शिकवलं ते आमच्या ह्यांनीच. लग्नानंतर, दुकानाच्या माडीवर, ज्वारीच्या पोत्यावर पाटी टेकवून. त्याच अक्षरांत आता मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे, आणि सगळंच काही गोड लिहिणार नाही. ते असते तर म्हणाले असते, "लिही की, खरं असलं म्हंजे झालं." खरं असलं की त्यांचं समाधान व्हायचं. माझं कधीच तेवढ्यावर झालं नाही.

कोल्हापुरात गाठीचा ताप येऊन दुसरं वर्ष लागलं होतं. महाराजांचा हुकूम निघाला की गाव मोकळं करा, सगळ्यांनी बाहेर राहायला जा. ज्यांना शेतं होती त्यांनी शेतात झोपड्या घातल्या. आमची रंकाळ्यापलीकडं होती. पाच खणांची, शेणानं सारवलेली, मागं गाईला आडोसा. ज्यांना शेत नव्हतं त्यांच्यासाठी शेजारच्या माळावर सरकारी खर्चानं झोपड्या उठल्या, रांगेनं, बांबूच्या तट्ट्यांच्या. प्रत्येकीच्या दाराच्या तट्टीवर बाहेरून डांबरानं नंबर घातलेला असायचा.

ह्या झोपड्यांचा कारभार बघायला एक कमिटी नेमली होती. तिच्यात व्यापाऱ्यांतर्फे आमचे हे होते. त्या काळी विरोधी पक्ष वगैरे प्रकार नव्हता. सभासद तंबूत बसायचे, अध्यक्षसाहेब कागद वाचायचे, बाकीचे माना डोलवायचे आणि चहा यायचा. आमचे हे एकटेच काय तो विरोधी पक्ष. "तट्टी दुहेरी मंजूर केली, मग एकेरी का दिसती?" "मुरूम कुठल्या खाणीतनं आला?" असं एकेक काढायचे. चहा थंड व्हायचा, साहेबांच्या कपाळावर आठ्या चढायच्या. घरी येऊन ह्यांना वाटायचं आपण फार मोठं काम केलं. मी म्हणायची, तुमच्यामुळं बिचाऱ्यांना गरम चहा मिळत नाही.

थट्टा केली तरी मला ते आवडायचं, हेही कबूल करते. आमच्या ओळखीच्या माणसांत साहेबाच्या तोंडावर "न्हाय" म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

तर त्या वर्षी थंडीच्या अखेरीला झोपड्या बांधणाऱ्या मक्तेदाराचं बिल आलं. नियम असा होता की, एखाद्या झोपडीत गाठीचा रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना दहा-बारा दिवस वेगळं ठेवायचं आणि झोपडी आतल्या सामानासकट जाळायची. कडी, दार, काही ठेवायचं नाही. मग त्याच जागी नवी उभी करायची. मक्तेदारानं लिहिलं होतं, एका महिन्यात एकतीस झोपड्या जाळल्या आणि एकतीस नव्या बांधल्या. बिलाबरोबर नंबरांची यादी.

माळ आमच्या शेतातनं सरळ दिसायचा. झोपडी पेटली की धूर दिसायचा, गाय हंबरायची, मुलं घाबरून माझ्याकडं पळत यायची. तसा धूर महिन्यात दहा-बारा वेळाच दिसला होता. ह्यांनी ते सभेत सांगितलं. साहेब म्हणाले, "सभासद काम सोडून धूर मोजत बसले होते काय?" तंबू हसला. मक्तेदार हात जोडून म्हणाला, "मरणाच्या तोंडात हात घालून काम करतोय मी, आन् शेटजी मला चोर ठरवाय लागलेत." मग साहेबांनी बजावलं: चार दिवसांत पुरावा आणा. नाही आणलात तर लेखी माफी मागा आणि कमिटी सोडा. आणि आपत्तीच्या वेळी कामात खोडा घातला म्हणून वर दरबारात कळवलं जाईल ते वेगळं.

त्या दिवशी हे घरी आले ते थेट गाईजवळ जाऊन बसले. दरबारात नाव खराब झालं तर दुकानाचं काय होईल हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारी तबेल्याचा दाणा आमच्याकडनं जायचा.

"तू जाशील?" त्यांनी विचारलं. "मला बायका दारात उभं करत न्हाईत."

खरं होतं ते. कागद-पेन्सिल घेतलेला पुरुष दिसला की माळावरच्या बायका दार ओढून घ्यायच्या. तपासणीचे लोक परक्या हातांनी बायकांच्या काखा-जांघा चाचपतात ही दहशत सगळ्यांना होती. मी मात्र दर आठवड्याला तिथं जायची. आमच्या समाजातर्फे माळावर ज्वारी वाटायचो, ती गाडी घेऊन मीच जात असे. यादीतले नंबर मी रात्रभर घोकून पाठ केले आणि सकाळी नुसतं शेराचं माप आणि पोती घेऊन निघाले.

ज्वारी सुपात ओतता ओतता आत डोकावायचं, एवढंच काम. आणि मला जे दिसलं ते कुठल्याही बाईला दिसलं असतं. माळावर वारा फार, म्हणून बायका चूल दाराच्या आतल्या अंगाला मांडायच्या, धूर दारातनं निघून जावा म्हणून. त्यामुळं दाराची तट्टी आतनं काळी व्हायची. जी झोपडी आठ दिवसांपूर्वी नवी बांधली म्हणून बिलात होती, तिच्या दारावर चार महिन्यांची काजळी होती. बोटानं खरवडली तर नखात भरत होती, इतकी जाड.

सगळ्यांत काळं दार होतं सतरा नंबरचं. ती झोपडी एका पिंजारणीची. तिला सगळे चाची म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या आमच्या पेठेत तिच्या घरानं कापूस पिंजला होता, माझ्या लग्नातली गादीसुद्धा तिच्या सासऱ्यानं भरलेली. मुलगा पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून कागलच्या बाजूला गावोगाव फिरत होता. घरात चाची आणि सून. सून म्हणजे पोरच होती. मला बघून तोंडाला पदर लावून हसली आणि सूप पुढं केलं.

"चाची, ही झोपडी जाळलीती काय मध्ये?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमची? अल्ला रहम कर! आमची कशाला जाळत्यात? आलो तवापास्नं हीच हाय."

मी घरी येऊन सांगितलं. एकतीसपैकी एकोणीस झोपड्यांची दारं काळी. हे उठून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी सांगून टाकलं: "उद्या दहा वाजता कमिटीनं माझ्याबरोबर माळावर यावं. सतरा नंबरला चला, मी दाखवतो." साहेब हो म्हणाले. मक्तेदाराचा चेहरा पांढरा पडला असं हे घरी येऊन तीन वेळा सांगत होते.

त्याच दुपारी मी परत माळावर गेले. उद्या मोठी माणसं येणार, तर चाचीनं जरा आवरून ठेवावं, घाबरू नये, एवढं सांगायला. दार लावलेलं होतं. हाक मारली तर आतनं उत्तर नाही. मी तट्टी सरकवली.

सून वाकळीवर पडली होती. डोळे लाल, ओठ कोरडे, आणि एक हात अंगापासून लांब धरलेला. काखेत काही ठणकत असलं की माणूस धरतं तसा. मला काही विचारावं लागलं नाही.

चाचीनं माझ्या मागनं दार ओढून घेतलं आणि माझे पाय धरले. "अक्का, कालपास्नं हाय. कुनाला सांगू नगा. इस्पितळात न्हेली तर परत न्हाय यायची. पोरगा माझा गावोगाव हिंडतोय, त्याला म्या काय सांगू? चार दिस द्या. मी पाला बांधतो, उतरंल. उतरतोय कवाकवा."

मी तिचे हात सोडवत होते. घरी दोन मुलं होती माझी. मी आत पाऊल टाकलं होतं, त्या वाकळीच्या शेजारी उभी होते. पळून जावंसं वाटलं, आणि त्या पोरीकडं बघून पळवेनासं झालं. तिनं मला ओळखलं. उठून बसायला बघत होती, ज्वारीसाठी सूप आणायला.

"उद्या कमिटी येतीया इथं," मी कसंबसं म्हटलं. "डॉक्टर बी असंल संगट."

चाची ओरडली नाही की रडली नाही. नुसती खाली बसली. "तुमीच सांगितलासा व्हय आमचा नंबर?" तिनं विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. नंतर म्हणाले, "न्हाय येऊ देत मी त्यास्नी. बघतो मी काय करायचं ते."

घरी आले, विहिरीवर अंगावरच्या लुगड्यासकट दोन कळशा ओतून घेतल्या आणि मगच मुलांजवळ गेले. स्वैपाक केला. दिवस मावळायच्या आत जेवायचा आमचा नेम, त्यामुळं हे पानावर बसले तेव्हा उन्हं अजून शेतात होती. ते उद्याचंच बोलत होते. साहेबांना काय विचारायचं, मक्तेदार काय म्हणेल, त्यावर काय म्हणायचं. खुशीत होते. मी वाढत होते आणि दर घासाला वाटत होतं, आता सांगावं.

नाही सांगितलं. का, ते आज सरळ लिहिते. मला त्यांची भीती वाटली. ते ओरडतील, मारतील, अशी नव्हे. त्यांनी जन्मात मला एक चापट मारली नाही. भीती ही की ते ऐकून घेतील, शांतपणे भात संपवतील आणि नियमाप्रमाणं जे करायचं तेच करतील. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी माफी मागून खाली मान घालून घरी यावं, हेही मला सोसलं नसतं. पोरही वाचायला पाहिजे होती आणि ह्यांची मानही. दोन्ही मलाच पाहिजे होतं.

मग मला युक्ती सुचली. आजही तिचा मला राग येतो.

"अहो," मी म्हटलं, "सगळी कमिटी माळावर कशाला न्यायची? कोण येईल, कोण न्हाय येणार. तुम्ही व्यापारी माणूस. गिऱ्हाइकाला धान्याच्या पेवात उतरवता की ओंजळीत नमुना दाखवता?"

त्यांनी वर बघितलं.

"सतरा नंबरचं दारच न्या की सभेत. बाहेरनं मक्तेदाराचं डांबर, आतनं काजळी. जाळली असंल तर दार राहिलं कसं, आणि दार राहिलं असंल तर जाळली कशी?"

हे इतके हसले की मुलं उठून बघायला आली. "तूच बस की कमिटीत," म्हणाले.

सकाळी गड्याला घेऊन मी उजाडायलाच माळावर गेले. गड्याला लांब उभं केलं. चाची आणि मी मिळून दाराच्या सुतळ्या सोडल्या. दार निघाल्यावर झोपडी सगळी उघडी पडली, पोर थेट वाटेवरनं दिसायला लागली. मी घरनं घोंगडं आणलं होतं, काळं, पांढऱ्या काठाचं. ते दाराच्या जागी बांधलं. "कुणी विचारलं तर सांगा, दार दुरुस्तीला न्हेलंय. आज इकडं कोण येत न्हाय. नवं दार मी सांजच्याला पाठवतो," मी चाचीला म्हटलं. पोरीचा ताप तसाच होता, पण ती पाणी प्यायली, माझ्यादेखत. तेवढ्यावरनं मी मनाशी ठरवून टाकलं की आता उतार पडणार.

परत यायला निघाले, पण पाय निघेना. म्हटलं, ज्वारीची गाडी मागवून इथंच वाटत राहावं. गडी दार पोचवून गाडी घेऊन आला आणि तिसऱ्या रांगेत मी शेर घेऊन उभी राहिले.

सभेत काय झालं ते मला नंतर कळलं. दार टेबलावर उलटं ठेवलं. साहेबांनी स्वतः बोट फिरवलं, बोट काळं झालं. मक्तेदार म्हणाला, कुठलं तरी जुनं दार आणलंय. मग ह्यांनी ते पलटलं आणि त्याच्याच माणसाच्या हातचा सतरा दाखवला. त्या घटकेला संपायला पाहिजे होतं सगळं.

पण नमुना पसंत पडला की गिऱ्हाईक माल बघायला येतंच. जन्मभर व्यापाऱ्याच्या घरात राहिलेल्या बाईला, वडील व्यापारी, नवरा व्यापारी, एवढं कळू नये? सभेतले जे सभासद महिनोन् महिने माना डोलवत होते त्यांना एकाएकी जोर चढला. आणि हेच उभे राहून म्हणाले, "एकावर कशाला थांबायचं? एकतीसच्या एकतीस बघू. आत्ताच."

ऊन चढलं होतं. रांगेच्या टोकाला माणसं दिसली तेव्हा मी एका म्हातारीच्या सुपात ज्वारी ओतत होते. पुढं हे, त्यांच्यामागं साहेब, डॉक्टर, दोन शिपाई, आणि जरा अंतरानं रिकामी बैलगाडी. ती गाडी कशाची ते माळावरच्या लहान मुलांनाही माहीत होतं. शेरातली ज्वारी खाली सांडत होती आणि म्हातारी मला हाका मारत होती.

मी पळत सुटले. दहा-बारा झोपड्यांचं अंतर होतं, लुगडं पायात येत होतं. हे एकेका दारापुढं थांबत होते, आतल्या बाईला बाहेर यायला सांगत होते, दार उलटून दाखवत होते. पंधरा झाली. सोळा झाली. सतराला दार नव्हतं, कारण ते सभेतच पडलं होतं. साहेब म्हणाले, "हीच ती काय?" आणि ह्यांनी घोंगड्याला हात घातला.

त्यांनी ते ओळखलं. आमच्या घोंगड्याच्या काठाला मी एका जागी लाल दोऱ्यानं रफू केलं होतं, त्यांचं बोट नेमकं तिथं आलं. त्यांनी घोंगडं चार बोटं बाजूला केलं, आत बघितलं आणि मग मान वळवून मला बघितलं. मी पाच हातांवर होते. मी हात जोडले नाहीत. पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं समजलं असलं पाहिजे. डॉक्टर अजून सोळा नंबरपाशी शिपायाशी बोलत होते. ह्यांनी घोंगडं सोडलं असतं आणि "ही बघितलीय, चला पुढं" म्हणाले असते, तर त्या दिवशी त्यांच्या शब्दाला कोणी हटकलं नसतं.

ते बाजूला झाले. "डॉक्टरसाहेब," म्हणाले, "हितं या."

पोरीला गाडीत घातलं तेव्हा चाची गाडीच्या दांड्याला धरून चालत होती. शिपायांनी तिला सोडवलं. दुपारी धूर दिसला. मुलं माझ्याकडं पळत आली.

पोर तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणली असती तरी वाचली असती असं सांगता आलं नसतं. पण लपवून ठेवली असती तर आठवड्यात सगळ्या रांगेत ताप पसरला असता. ते खरं असेल. मी डॉक्टर नाही. मला तिचं पाणी पिणं आठवतं.

मक्तेदाराचा मक्ता गेला. बाजारात ह्यांना हार घातला, पेढे वाटले. ते हार घेऊन घरी आले आणि त्यांनी तो खुंटीला अडकवून ठेवला. त्या दिवसापर्यंत आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नव्हतो. मग त्यांनीच विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंसा?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती; त्या एका वेळी बोलले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. "मीच डॉक्टरला घेऊन गेलो असतो," ते म्हणाले. "एकतीस घरांतली लबाडी काढायची आन् एका घरातलं झाकायचं, हे माझ्यानं व्हायचं न्हाय."

"लबाडी नव्हती ती. पोर होती."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही तसंच राहिलं, पुढं कित्येक वर्षं.

वेगळं राहायचे दिवस संपवून चाची माळावर परत आली. तोवर त्याच जागी नवी झोपडी उभी होती. नव्या मक्तेदारावर ह्यांची नजर होती, त्यामुळं मुरूम चांगला, गवत दाट, तट्टी दुहेरी. ज्वारीची गाडी घेऊन मी गेले तेव्हा ती दारातच बसली होती. मला वाटलं तोंड फिरवेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. तिनं सूप पुढं केलं. ते घेऊन यायला आता दुसरं कोणी नव्हतं.

"दार ब्येस दिलंय शेटजींनी," ती म्हणाली. तिनं तट्टीवर हात फिरवला. "दुहेरी हाय. वारा येत न्हाय, बाहेरनं आतलं कायबी दिसत न्हाय. असलं दार तवा असतं तर काडून न्यायलाबी जड गेलं असतं, न्हाय अक्का?"

मी तिच्या सुपात ज्वारी ओतली. दोन शेर द्यायचा नियम होता. चार ओतले, तेव्हा तिनं दोन मोजून परत माझ्या पोत्यात टाकले.